तेरापैकी तेरा जिंकून पाचवा नंबर

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या कमिटीने नोट्रे डेमला प्लेऑफबाहेर, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या मॅचेसबाहेर, ठेवून मियामीला आत घेतलं आणि जो गोंधळ झाला त्यात फ्लोरिडा स्टेटचं २०२३ चं मढं, म्हणजे एकही मॅच न हरता ती टीम बाहेर राहिली होती ते प्रकरण, परत उकरून काढलं गेलं. अमेरिकेत राहणारे आपले मराठी लोकही आता या विषयावर हिरीरीने भांडतात, पोरं त्याच युनिव्हर्सिट्यांत शिकतात, शनिवारी घरात टीव्हीवर दुसरं काही लागत नाही, मग आईबापांनाही हळूहळू फर्स्ट डाऊन काय असतं ते कळायला लागतं आणि कळलं की मत येतंच. पण मतं दोनच. एक पार्टी म्हणते, शेवटी प्लेऑफबाहेरच्या मॅचला जॉर्जियाकडून ६३-३ ने हरले ना, मग कमिटीचं बरोबरच होतं. दुसरी म्हणते, सगळं मॅच दाखवणाऱ्या ईएसपीएन चॅनेलचं सेटिंग होतं. दोन्ही ऐकून कान किटले म्हणून हे लिहितोय, कारण पहिल्या पार्टीचा पुरावा खोटा आहे आणि दुसऱ्या पार्टीची बाजू बरोबर असून कारण चुकीचं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फ्लोरिडा स्टेटला घ्यायलाच हवं होतं. ३ डिसेंबर २०२३ ला, लिस्ट आली त्या दिवशी, ती तिच्याऐवजी आत गेलेल्या अलाबामापेक्षा भारी टीम होती असं मी म्हणत नाहीये, बहुतेक नव्हतीच. पण तीन महिने मैदानावर जे निकाल लागले ते बाजूला सारून पुढच्या मॅचला काय होईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर जागा वाटायच्या, हा हक्क कुठल्याही कमिटीला कोणी दिला? निकालांवरून काही ठरतच नसेल तेव्हा अंदाज लावा ना, कोण नको म्हणतंय. इथे निकालांवरून ठरत होतं.

ज्यांनी हा खेळ फारसा पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या डिव्हिजनमध्ये तेव्हा १३३ टीम होत्या आणि प्रत्येकीच्या रेग्युलर सीझनमध्ये मॅच फक्त १२, म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. टीम वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटांत, वाटलेल्या, त्यातल्या पाच मोठ्या, आणि २०१४ ते २०२३ अशी दहा वर्षं प्लेऑफच्या जागा चार. पाच चॅम्पियन आणि चार खुर्च्या, म्हणजे भांडण कागदावरच लिहून ठेवलेलं होतं. या चार टीम निवडायच्या १३ जणांच्या कमिटीने, टेक्सासमध्ये एका हॉटेलात बसून. पण त्या दहा वर्षांत एक गोष्ट कधी झाली नव्हती. मोठ्या कॉन्फरन्सची टीम एकही मॅच न हरता चॅम्पियन झाली आणि तरी बाहेर राहिली, असं फ्लोरिडा स्टेटच्या आधी एकदाही नाही.

आता त्यांचा सीझन बघा. माईक नॉर्वेल २०२० मध्ये कोच म्हणून टॅलाहसीला, फ्लोरिडा स्टेटच्या गावी, आला, पहिल्या वर्षी ३-६ (म्हणजे ३ जिंकल्या, ६ हरल्या), दुसऱ्या वर्षी ५-७, त्यात जॅक्सनव्हिल स्टेटसारख्या छोट्या टीमकडून घरच्या मैदानावर शेवटच्या प्लेला हरले, लोकांनी अक्षरशः शिव्या घातल्या. तिथून १०-३ आणि मग २०२३. पहिल्याच मॅचला ऑरलँडोमध्ये एलएसयूला ४५-२४ ने धुतलं, आणि एलएसयूचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास देऊन आक्रमण चालवणारा, जेडन डॅनियल्स होता, ज्याला त्या वर्षीची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं बक्षीस, मिळाली. मग क्लेम्सनला त्यांच्याच घरी ओव्हरटाइममध्ये ३१-२४. असं करत करत १०-०. १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्ध, जी मॅच खरंतर कोणी लक्ष देऊन बघतही नव्हतं, पहिल्याच क्वार्टरमध्ये जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. ट्रॅव्हिस म्हणजे क्वार्टरबॅक, त्या टीमचा कणा. टीम तेव्हा ०-१३ ने मागे होती. त्यानंतर ५८ पॉइंट काढून ५८-१३ ने जिंकली. पुढच्या आठवड्यात फ्लोरिडाला त्यांच्या मैदानावर २४-१५ ने हरवलं, दुसऱ्या नंबरच्या क्वार्टरबॅकला घेऊन, त्या मॅचमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला, म्हणून कॉन्फरन्सच्या फायनलला तिसऱ्या नंबरचा, पहिल्या वर्षाला असलेला ब्रॉक ग्लेन उतरवला आणि १०-२ असलेल्या लुइव्हिलला १६-६ ने हरवलं. १३-०. दुसऱ्या दिवशी दुपारी लिस्ट आली, मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवी. चौथी जी अलाबामा, ती एक मॅच हरलेली होती.

बरं, आता समोरच्यांच्या बाजूने बोलूया, आणि नीट बोलूया, कारण त्यांचे मुद्दे अगदीच टाकाऊ नाहीत. पहिला मुद्दा क्वार्टरबॅकचा. क्रिकेटमध्ये एक बॅट्समन गेला तर दहा उरतात, इथे प्रत्येक प्लेला बॉल ज्याच्या हातात येतो तोच गेला की ऑफेन्सचं गणितच बदलतं. लुइव्हिलविरुद्ध ग्लेनने पूर्ण मॅचमध्ये फक्त ५५ यार्ड पास केले, हे बघायलाही त्रास होत होता आणि ते डिफेन्ड करायचा मी प्रयत्न पण करणार नाही. दुसरा मुद्दा, अलाबामाचं वेळापत्रक जास्त कठीण होतं आणि शेवटच्या शनिवारी त्यांनी ज्या जॉर्जियाला २७-२४ ने हरवलं ती लागोपाठ २९ मॅच जिंकलेली, दोन वर्षांची चॅम्पियन टीम होती. हे छोटं काम नाही. तिसरा आणि सगळ्यात मजबूत मुद्दा, कमिटीने नियम तोडला नाही. त्यांच्या लिखित पद्धतीतच होतं की मुख्य खेळाडू किंवा कोच उपलब्ध नसतील आणि त्याचा पुढच्या मॅचवर परिणाम होणार असेल तर ते बघता येईल. फ्लोरिडा स्टेटचे बरेच समर्थक असं बोलतात की हा नियम रात्रीतून शोधून काढला. नाही, आधीपासून होता.

पण तीच पद्धत पुढे वाचली तर? त्यात असंही होतं की टीम साधारण सारख्या वाटत असतील तेव्हा कॉन्फरन्स चॅम्पियनशिप, वेळापत्रक, आपापसातली मॅच आणि समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे निकाल बघायचे. चॅम्पियन दोघेही. वेळापत्रक अलाबामाचं. आपापसात मॅच झालीच नाही. समान प्रतिस्पर्धी एलएसयू, तिला अलाबामाने स्वतःच्या घरी ४२-२८ ने हरवलं आणि फ्लोरिडा स्टेटने तटस्थ मैदानावर ४५-२४ ने. आणि मुळात १३-० आणि १२-१ हे सारखे कधीपासून झाले? टेक्सास अलाबामाच्या घरात, टस्कलूसात जाऊन ३४-२४ ने जिंकून आली होती, म्हणून टेक्साससुद्धा १२-१ असून तिला अलाबामाच्या वर ठेवावंच लागलं, ते बरोबरही होतं. म्हणजे टेक्सास आणि अलाबामामध्ये निकाल बघायचा, आणि अलाबामा आणि फ्लोरिडा स्टेटमध्ये अंदाज बघायचा. एकाच दुपारी, एकाच टेबलावर दोन मापं.

त्यात अजून एक. २८ नोव्हेंबरला कमिटीची जी लिस्ट आली होती तिच्यात फ्लोरिडा स्टेट चौथी आणि अलाबामा आठवी होती. ट्रॅव्हिसचा पाय त्याच्या दहा दिवस आधी मोडला होता! पाय मोडलेला माहीत असताना चौथा नंबर दिला, मग ती टीम पुढची मॅच जिंकली, कॉन्फरन्स जिंकली, आणि जिंकून पाचवी झाली. जिंकल्यावर खाली जायचं असेल तर मॅच कशाला खेळवता? कमिटीचे समर्थक म्हणतील, त्या मॅचमध्ये ऑफेन्स किती वाईट आहे ते दिसलं. ठीक आहे, पण मग त्याच मॅचमध्ये डिफेन्स किती जबरदस्त आहे ते नाही दिसलं का? १०-२ च्या टीमला एकही टचडाऊन करू दिला नाही, सहा पॉइंटवर ठेवलं. त्या डिफेन्समधला जॅरेड व्हर्स पुढच्या वर्षी एनएफएलच्या, म्हणजे प्रोफेशनल लीगच्या, निवडीत पहिल्या राउंडला गेला आणि वर्षाअखेर लीगचा सर्वोत्तम नवा डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. लुइव्हिलच्या मॅचच्याच रात्री मिशिगन आयोवाला २६-० ने हरवून आली, तिच्या ऑफेन्सनेही फार दिवे लावले नव्हते, पण तिला कोणी विचारलं नाही की बाई तू इतकी कुरूप का जिंकलीस.

मिशिगनवरून आठवलं. त्या वर्षी समोरच्या टीमचे सिग्नल चोरल्याच्या प्रकरणात त्यांचा हेड कोच जिम हारबॉ रेग्युलर सीझनच्या शेवटच्या तीन मॅचना सस्पेंड होता, आणि त्या तिन्ही मॅच, पेन स्टेट आणि ओहायो स्टेट धरून, टीम त्याच्याशिवाय जिंकली. सगळ्यांनी काय म्हटलं? बघा काय जिगर आहे. बरोबरच म्हटलं. हारबॉ प्लेऑफला परत येणार होता आणि ट्रॅव्हिस येणार नव्हता, हा फरक आहे, मान्य. पण कोचशिवाय जिंकणं मोठेपणा आणि क्वार्टरबॅकशिवाय जिंकणं कमीपणा, हे जरा विचित्र नाही वाटत?

अंदाजाबद्दल बोलू. हा खेळ अंदाज करणाऱ्यांची इतकी फजिती करतो की एवढ्या आत्मविश्वासाने कोणी भाकीत करावं याचंच नवल वाटतं. २०१४, म्हणजे याच प्लेऑफचं पहिलं वर्ष. ओहायो स्टेटचा पहिला क्वार्टरबॅक ब्रॅक्स्टन मिलर सीझन सुरू व्हायच्या आधीच खांद्याच्या दुखापतीने गेला. दुसरा जे. टी. बॅरेट, त्याचा घोटा मिशिगनविरुद्ध मोडला. कॉन्फरन्स फायनलला तिसऱ्या नंबरचा कार्डेल जोन्स कॉलेजातली पहिली मॅच स्टार्ट करत होता. विस्कॉन्सिनला ५९-० ने हरवलं, कमिटीने चौथी जागा दिली, आणि मग या तिसऱ्या नंबरच्या पोराने सेमीफायनलला अलाबामाला ४२-३५ आणि फायनलला ओरेगनला ४२-२० ने हरवून ट्रॉफी घरी नेली. याला उत्तर ठरलेलं असतं की जोन्सने ५९-० करून दाखवलं, ग्लेनने ५५ यार्ड. हे उत्तर चांगलं आहे, मी त्याला हसत नाही. पण याचा अर्थ असा की जिंकणं पुरे नाही, थाटात जिंकलं पाहिजे, आणि किती थाट पुरे ते १३ माणसं बंद खोलीत ठरवणार. शिवाय त्याच ओहायो स्टेटला जागा मिळावी म्हणून तिसऱ्या नंबरवरची टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) ५५-३ ने जिंकूनसुद्धा सहावी केली होती, म्हणजे थाटसुद्धा कधी चालतो कधी नाही.

टीसीयूचंच पुढचं बघा. २०२२ मध्ये त्यांची टीम कॉन्फरन्स फायनल ओव्हरटाइमला हरून १२-१ झाली, तरी कमिटीने निकालांचा मान ठेवून घेतलं. मिशिगन त्यांना चिरडणार असं जवळजवळ सगळेच म्हणत होते. टीसीयू ५१-४५ ने जिंकली. मग फायनलला जॉर्जियाकडून ६५-७ ने मार खाल्ला, तो खाल्लाच, पण त्यामुळे मिशिगनविरुद्धची मॅच पुसली गेली का? आणि खुद्द अलाबामा २०१७ मध्ये कॉन्फरन्समधला स्वतःचा अर्धा गटही न जिंकता चौथ्या नंबरवर आत आली, फायनलला हाफटाइमला ०-१३ ने मागे, तेव्हा कोच निक सेबनने स्टार्टरला बसवून टुआ टॅगोव्हायलोआ नावाच्या पहिल्या वर्षाच्या बॅकअपला उतरवलं आणि २६-२३ ने जिंकले. बॅकअप क्वार्टरबॅकला चान्स दिला तर काय होतं हे अलाबामाइतकं कोणालाच माहीत नसावं.

आपल्या लोकांना मी यावर एकच उदाहरण देतो आणि बहुतेक वेळा तिथे वाद थांबतो, निदान चहा येईपर्यंत तरी. २०२०-२१ चा ऑस्ट्रेलिया दौरा. ॲडलेडला ३६ ऑल आउट. कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी. शमी गेला, उमेश गेला, मग जडेजा, अश्विन, विहारी, बुमराह, एकेक करत सगळे. मेलबर्नला रहाणेने ११२ मारून सिरीज बरोबरीत आणली, सिडनीला विहारी आणि अश्विनने दुखऱ्या अंगाने मॅच वाचवली, आणि ब्रिस्बेनला गॅबावर, जिथे ऑस्ट्रेलिया १९८८ पासून टेस्ट हरली नव्हती, आपली बॉलिंग म्हणजे सिराज, सैनी, नटराजन, आपला पालघरचा शार्दूल आणि वॉशिंग्टन सुंदर. त्यातला नटराजन आणि सुंदर हे नेट बॉलर म्हणून थांबवून घेतलेले. आता समजा १४ जानेवारीला एक कमिटी बसली असती आणि म्हणाली असती की मेलबर्न जिंकणारी टीम आता राहिली नाही, ही वेगळी टीम आहे, आम्ही ट्रॉफी ऑस्ट्रेलियाला देऊन टाकतो. आकड्यांवर बघितलं तर त्या कमिटीला चूक कोण म्हणालं असतं? शार्दूल आणि सुंदरची १२३ ची पार्टनरशिप कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये होती? माझा मुद्दा असा नाहीये की जखमी टीम नेहमी जिंकतात. बहुतेक वेळा हरतातच. पण त्या मैदानावर हरतात, आणि ते बघायलाच आपण तिकीट काढतो.

आता ते ६३-३. ३० डिसेंबरला ऑरेंज बोलमध्ये (बोल म्हणजे सीझननंतरची खास मॅच, ही प्लेऑफबाहेरची) जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटची जी धुलाई केली ती बोल मॅचच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक होता, आणि कमिटीच्या समर्थकांना वाटतं की विषय तिथे संपला. पण त्या मॅचला मैदानावर होतं कोण? फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून जास्त खेळाडू खेळलेच नाहीत. ट्रॅव्हिस तर नव्हताच, दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक ट्रान्सफर घेऊन निघाला, व्हर्स नाही, कीऑन कोलमन नाही, डिफेन्सचे बरेचसे मोहरे एनएफएलची तयारी करत घरी. का? कारण ट्रॉफीच्या शर्यतीतून आधीच हाकललं होतं, मग एका शोभेच्या मॅचसाठी गुडघा कोण पणाला लावणार. प्लेऑफ असता तर तेच लोक लंगडत का होईना उतरले असते, कॉलेज फुटबॉल थोडाही फॉलो करणाऱ्याला हे माहीत आहे. म्हणजे आधी शिक्षा दिली, शिक्षेमुळे टीम फुटली, आणि मग फुटलेल्या टीमचा स्कोर दाखवून म्हणायचं की बघा शिक्षा योग्यच होती. पोराला परीक्षेला बसू द्यायचं नाही आणि वर्षभराने म्हणायचं, बघ तुझ्याकडे मार्कशीटच नाही. आणि शेवटचं म्हणजे निर्णय बरोबर की चूक हे तो घेताना हातात काय होतं त्यावर ठरतं ना? ३ डिसेंबरला कोणाच्या हातात ३० डिसेंबरचा स्कोर नव्हता. हाच नियम लावायचा तर अलाबामाही सेमीफायनलला मिशिगनकडून २७-२० ने हरलीच की, मग त्यांना घेणं चूक होतं का? २०२४ मध्ये फ्लोरिडा स्टेट २-१० झाली, तेही पुरावा म्हणून फेकतात, जणू वर्षभरानंतरची, अर्धी बदललेली टीम आधीच्या टीमची साक्ष देऊ शकते.

"सगळ्यात चांगल्या चार टीम निवडायच्या, सगळ्यात लायक नाही" असं एक वाक्य या वादात मंत्रासारखं म्हटलं जातं. मग सप्टेंबरचा अलाबामा आठवा. टेक्सासकडून घरी हरल्यावर पुढच्याच आठवड्यात त्यांनी क्वार्टरबॅक जेलन मिलरोला बेंचवर बसवलं आणि साउथ फ्लोरिडासारख्या टीमविरुद्ध कसेबसे १७-३ ने जिंकले. त्या दिवशी "चांगल्या चार" मध्ये त्यांना कोणी धरलं असतं? २५ नोव्हेंबरला ऑबर्नमध्ये, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, गोल ३१ यार्ड लांब, शेवटचं मिनिट, हरलेली मॅच, आणि मिलरोने आयझेया बाँडला एंड झोनच्या कोपऱ्यात पास दिला, २७-२४. तो बॉल हातातून सुटला असता तर हा लेखच लिहायची वेळ आली नसती. अलाबामा चांगली आहे हे आपल्याला कशावरून कळलं? त्यांना खेळू दिलं, वाईट दिवसांसकट खेळू दिलं आणि निकाल लिहून घेतले त्यावरून. चांगलं काय ते मोजायचं दुसरं कुठलंही यंत्र या खेळात नाही. १९९८ ते २०१३ पर्यंत बीसीएस नावाचं एक यंत्र होतं, पोल आणि कॉम्प्युटर मिसळून दोन टीम काढायचं. २००४ मध्ये त्याने १२-० च्या ऑबर्नला फायनलबाहेर ठेवलं, आणि ज्या ओक्लाहोमाला आत घेतलं ती यूएससीकडून ५५-१९ ने हरली. ऑबर्न एसईसीची, म्हणजे अलाबामाच्याच कॉन्फरन्सची, चॅम्पियन होती. चार वर्षांनी एसईसीचेच कमिशनर माईक स्लाइव्ह चार टीमच्या प्लेऑफची कल्पना घेऊन बाकीच्या कॉन्फरन्सकडे गेले, तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही, ते लागू व्हायला २०१४ उजाडलं. न हरलेला चॅम्पियन बाहेर बसू नये म्हणून जे घर बांधलं त्याच घराच्या शेवटच्या वर्षी न हरलेला चॅम्पियन दारात उभा राहिला, आणि आत गेली ती एसईसीची टीम.

म्हणून सेटिंग होतं का? इथे मी दुसऱ्या पार्टीशी भांडतो. ईएसपीएनचे एसईसीशी व्यवहार आहेत हे खरं, पण फ्लोरिडा स्टेटची कॉन्फरन्स जी एसीसी, तिचेही सगळे हक्क त्यांच्याकडेच, एसीसी नेटवर्क नावाचा चॅनेल तेच चालवतात. त्या वर्षी कमिटीचा अध्यक्ष बू कॉरिगन, तो नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे एसीसीतलाच माणूस! कट करायचा तर जरा बरा माणूस शोधला असता. फ्लोरिडाच्या राजकारण्यांनी मात्र हात धुवून घेतले, गव्हर्नर डिसँटिसनी कोर्टबाजीसाठी दहा लाख डॉलर ठेवायचा प्रस्ताव मांडला, युनिव्हर्सिटीने २२ डिसेंबरला एसीसीवरच केस ठोकली, कारण २०३६ पर्यंत टीव्हीचे हक्क कॉन्फरन्सला बांधून दिलेले होते आणि त्यांना बाहेर पडायचं होतं, आणि हे भांडण बऱ्याच आधीपासून शिजत होतं. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. या सगळ्या गदारोळात साधा मुद्दा गाडला गेला. कट असता तर उलट सोपं होतं, चार माणसं बदलली की झालं. १३ प्रामाणिक माणसांना आपण भविष्य ओळखू शकतो असं वाटणं, हे बदलायला जास्त अवघड आहे.

आता म्हणाल, बारा टीमचा प्लेऑफ आला, २०२४ आणि २०२५ ला नंबरांत वरच्या पाच कॉन्फरन्स चॅम्पियनना जागा पक्की होती, मग कशाला जुनं उगाळायचं. १३-० ची टीम आता बाहेर राहणार नाही, खरंय, आणि ते चांगलंच झालं. पण रेघ फक्त चारवरून बारावर सरकली. २०२४ ला एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) ११-२ आणि अलाबामा ९-३, कमिटीने एसएमयूला घेतलं, ते पेन स्टेटकडून ३८-१० ने हरले आणि लगेच तेच सुरू, बघा बघा, यांची लायकी नव्हती. इंडियानालाही त्याच वर्षी हेच ऐकवलं, ११-१ असून, नोट्रे डेमकडून २७-१७ ने हरल्यावर. पुढच्या वर्षी तीच इंडियाना १६-० करून नॅशनल चॅम्पियन झाली. त्याच सीझनला ज्या मियामीला दहाव्या नंबरवर घेतल्याबद्दल बोंबाबोंब झाली ती फायनलपर्यंत गेली. नोट्रे डेमबद्दल मला वाईट वाटतं, आठवड्यामागून आठवडे त्यांना मियामीच्या वर ठेवायचं आणि शेवटच्या दिवशी दोघीही खेळल्या नसताना उलटं करायचं ही पद्धत चुकीचीच आहे. पण मियामीने त्यांना २७-२४ ने हरवलेलं होतं आणि रेकॉर्ड दोघींचं १०-२, निकाल बघायचा तर निर्णय बरोबरच. आणि याच मापाने ड्यूक ८-५ असून एसीसी जिंकली आणि प्लेऑफबाहेर राहिली त्याबद्दल मी रडणार नाही. पाच मॅच त्या स्वतः हरल्या.

माझी मागणी साधी आहे. खेळाडू उपलब्ध आहे की नाही ती ओळ टीम निवडताना वापरूच नका, फार तर आत आलेल्यांचे नंबर लावताना वापरा. न्यायाचं सोडा, व्यवहाराचं बघा. कॉलेज फुटबॉलमध्ये कोण जखमी आहे ते जाहीर करायची सक्ती बरीच वर्षं नव्हतीच, बिग टेन कॉन्फरन्सने २०२३ ला आणि एसईसीने २०२४ ला सुरू केली. समजा नोव्हेंबरच्या शेवटी एखाद्या कोचच्या क्वार्टरबॅकचा स्नायू फाटला आणि त्याला माहीत आहे की ही बातमी कमिटीच्या खोलीत पोचली तर तेरा विजय पाण्यात, तर तो काय करेल? बातमी दाबेल, पोराला इंजेक्शन देऊन थोड्या वेळापुरता मैदानात दाखवेल, आणि वीस वर्षांचं पोर टीमसाठी हो म्हणेल. नॉर्वेलला यातलं काही करायची सोयच नव्हती, ट्रॅव्हिसचा पाय टीव्हीवर सगळ्यांसमोर मोडला होता. पुढच्या कोचकडे ती सोय असेल.